चटपटेत चिंच-गुळाची चटणी नको

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवण्यांतून हल्ली नेपाळी चटपटेची कृती ‘नेपाळी भेळ’ म्हणून छापली जाते. कुरमुरे दिसले की आपला हात आपोआप चिंच-खजुराच्या चटणीकडे आणि शेवेकडे जातो, आणि कृती लिहिणारेही तेच लिहून मोकळे होतात. चटपटेत गोड काही नसते. कच्चे मोहरीचे तेल, लिंबू आणि मिरची यांवर तो पदार्थ उभा आहे. त्यात गूळ पडला की उरते ती आपली चौपाटीचीच भेळ.

चौघांसाठी चार वाट्या कुरमुरे, ‘वाई वाई’ नूडल्सचे एक पाकीट, अर्धी वाटी उकडलेले काळे चणे, एक उकडलेला बटाटा, एक कांदा, एक टोमॅटो, अर्धी काकडी, तीन-चार लवंगी मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक चमचा लाल तिखट, पाव चमचा काळे मीठ, दोन लहान चमचे मोहरीचे तेल आणि दीड लिंबू घ्यावे. साधे मीठ शेवटी चव बघूनच घालावे, कारण नूडल्सच्या मसाल्यात ते भरपूर असते.

सगळ्यात जास्त बिघडतात ते कुरमुरे. मुंबईच्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, दुकानातूनच ते सादळलेले येतात. मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतून पूर्ण गार करावेत; दोन बोटांत दाबल्यावर कुर्रकन मोडले पाहिजेत. बटाटाही गारच हवा, नाहीतर त्याच्या वाफेने कुरमुरे बसतात. टोमॅटो आणि काकडीचा बियांचा गर काढून टाकावा.

‘वाई वाई’च का, तर तिच्या नूडल्स मसाला लावून तळलेल्या असतात, त्यामुळे कोरड्याच खाता येतात. साध्या नूडल्स तशाच चुरल्या तर पिठूळ लागतात. त्या घ्यायच्याच असतील तर थोड्या तेलावर खरपूस भाजाव्यात. पाकीट न फोडता हाताने चुरावे, पण पार भुगा करू नये.

मोहरीचे तेल कच्ची घाणीचे घ्यावे आणि तापवू नये. नेपाळी बटाट्याच्या अचारात तेल तापवून मेथी काळपट होईपर्यंत तळतात, तिथे ते शोभते. चटपटेत मात्र नाकात जाणारा कच्चा झणकाच हवा. वास सोसत नाही म्हणून शेंगदाणा तेल घालणाऱ्यांनी निदान पहिल्यांदा एक चमचा तरी मोहरीचे वापरून बघावे.

तिमूर हा नेपाळी मसाला घालायचा असेल तर मुंबईत तो शोधत फिरायची गरज नाही. तो आपल्या तिरफळाचाच भाऊबंद, जिभेला तशाच मुंग्या आणणारा. बांगड्याच्या आमटीसाठी आणलेली तिरफळे घरात असतील तर दोन घ्यावीत, आतली काळी बी काढून टाकावी (ती दाताखाली कचकचते), सालं किंचित भाजून कुटावीत. चव हुबेहूब तीच येत नाही, पण जवळ जाते. दोनाहून जास्त घातली तर कडवट होते.

आधी चणे, बटाटा, कांदा, टोमॅटो, काकडी, मिरची, तिखट, काळे मीठ, नूडल्सचा मसाला आणि तेल खोलगट पातेल्यात कालवावे. मग नूडल्सचा चुरा, त्यावर कुरमुरे, शेवटी लिंबू आणि कोथिंबीर. मोठ्या चमच्याने खालून वर भराभर हलवावे आणि पाच मिनिटांत संपवावे. पाहुणे यायचे असतील तर चिरून, उकडून सगळे वेगवेगळे ठेवावे. कालवलेले टिकत नाही.

नेपाळात चटपटे कागदाच्या कोनात देतात, चमच्याऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा. घरी कोन करायचा तर कोरा कागद घ्यावा. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, शाई अन्नात उतरते, असे ‘एफएसएसएआय’ या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले आहे. कृती पुन्हा छापाल तेव्हा ही सूचनाही सोबत द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, मुंबई