गणवेशात दोन बोटं माया असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडायच्या सुमारास तुमच्या पेपरात गणवेशाची बातमी येतेच. रंग कोणता, पैसे किती, वाटप कधी. मंत्री बोलतात, शिक्षक संघटना बोलतात, पालक बोलतात. शिवणारा कधी बोललेला मला आठवत नाही, म्हणून हे पत्र. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात माझं शिलाईचं दुकान आहे. याच ओट्यावर आधी वडील बसायचे, आता मी बसतो. गावातल्या तीन पिढ्यांच्या कमरेची मापं आमच्या वह्यांत आहेत, तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेत गणवेश असा नव्हताच. अंगात धुतलेला सदरा आणि डोक्यावर टोपी असली की झालं. टोपी विसरली तर छडी. मुली परकर-पोलक्यात येत आणि तिसरी-चौथीनंतर बहुतेक जणी येतच नसत, त्यामुळे त्यांनी काय घालावं याची चिंता कुणी केली नाही. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, आणि माझ्या वेळेपर्यंत मुलांना पांढरा सदरा-खाकी चड्डी, मुलींना पांढरं पोलकं-निळा स्कर्ट असं पक्कं होऊन गेलं होतं.

पांढरा रंग कुणी ठरवला देव जाणे. तो माणूस खारपाणपट्ट्यातला नव्हता, एवढं नक्की. आमच्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. नवा सदरा दोन महिन्यांत पिवळट पडायचा, मग आई नीळ घालायची, ती जरा जास्त झाली की सदरा निळसर दिसायचा. त्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गुडघ्यापर्यंत. प्रार्थनेला उभी असलेली आमची रांग एका रंगाची कधी दिसलीच नाही. पुढे चौकड्यांचं कापड आलं तेव्हा लोक म्हणाले, शाळा सुधारल्या. मला विचाराल तर बायांचे हात सुटले. चौकडीत डाग लपतो.

खरी गोष्ट चड्डीची आहे. खाकी ड्रिलचं कापड जाड, टिकाऊ. माय लेकराला घेऊन ओट्यापाशी यायची आणि माप घ्यायच्या आधीच म्हणायची, "वाढतं अंग हाय भाऊ, दोन बोटं जास्त ठेवजो." आमच्या धंद्यात या आत मुडपून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. कमरेत माया, काखेत माया, खाली दुमडीत माया. पहिल्या वर्षी चड्डी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी दुमड उसवली की पुन्हा बरोबर. उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाची गडद रेघ दिसायची. दोन रेघा म्हणजे चड्डी थोरल्याची, आता धाकट्याच्या अंगावर. मागे ठिगळ, बटन गेलेलं, आणि सगळा भार करदोड्यावर. त्यात कुणाला लाज वाटायची नाही, कारण वर्गातल्या अर्ध्या पोट्ट्यांच्या चड्डीवर तशीच रेघ असायची.

मग टेरिकॉट आलं. कापूस पिकवणाऱ्या मुलखातली लेकरं पॉलिस्टरमध्ये घामाघूम होऊन बसलेली पाहून माझ्या वडिलांना वाईट वाटायचं. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, बडनेऱ्याला, पुलगावला, हिंगणघाटला गिरण्या होत्या, आणि आपल्या पोरांच्या अंगावर सुती कापड नाही, हे ते शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. पण मी टेरिकॉटला नावं ठेवणार नाही. ज्या घरात एकच गणवेश असतो, तिथं रात्री धुतलेलं कापड भर पावसाळ्यात सकाळपर्यंत वाळतं, हे त्या घरच्या बाईला विचारा.

तालुक्याला कॉन्व्हेंट निघाली तशी टाय आली, पट्टा आला, मोजे-बूट आले. इलॅस्टिकची टाय, गाठ आधीच बांधलेली. मार्चच्या उन्हात ती गळ्यात घालून ऑटोत कोंबलेली लेकरं पाहिली की माझाच जीव गुदमरतो. पण तो गणवेश पाहूनच गावातल्या लोकांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नावं काढली, आणि मग आमच्या शाळेनंही टाय लावून पाहिली. एक वर्ष. दिवाळीनंतर त्या टाय बकऱ्यांच्या गळ्यात दिसायला लागल्या.

मुलींचं कापड जास्त बदललं, आणि त्यावर बोललं मात्र कमी गेलं. आठवीपासून स्कर्ट जाऊन पंजाबी ड्रेस आला, कारण हायस्कूल दुसऱ्या गावी. पुढे सरकारच्या मानव विकास योजनेतून शाळेत जायला सायकली मिळाल्या. स्कर्टवर चार किलोमीटर सायकल मारून पाहा म्हणजे कळेल. ओढणी चाकात अडकते म्हणून ती पिना लावून छातीवर पक्की करायची पद्धत पडली, ती पोरींनीच शोधली, कुठल्या परिपत्रकानं नाही. एक गोष्ट मात्र आजही जागच्या जागी आहे. मुलांच्या पँटला दोन खिसे, शर्टाला एक. मुलींच्या ड्रेसला शून्य. एसटीचा पास कंपासपेटीत, सुटे पैसे रुमालाच्या गाठीत. मी गेली कित्येक वर्षं उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा लावून देतो. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

आता सरकारचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत पहिली ते आठवीच्या लेकराला दोन गणवेश मिळतात, एकाचे ३०० रुपये धरून ६००. आधी सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती, दारिद्र्यरेषेखालची मुलं एवढ्यांनाच मिळायचे. एकाच बाकावर एकाला नवा, दुसऱ्याला नाही, हे लेकरांना समजावून सांगणं मास्तरांच्या जिवावर यायचं. २०२३-२४ पासून राहिलेल्या मुलांनाही दिले, हे चांगलंच झालं. पण पाठोपाठ 'एक राज्य, एक गणवेश' आलं. २०२४-२५ साली कापड वरून, शिलाई महिला बचत गटांकडून. दुसऱ्या, स्काउटच्या गणवेशाचं नुसतं कापड शाळेला, आणि शिवायला शिलाईचे १०० व वरखर्चाचे १० रुपये. शर्टाला दोन खिसे आणि खांद्यावर पट्ट्या हव्यात. ११० रुपयांत काज-बटनासह हे सगळं कोण शिवून देतो, मला त्याच्याकडे शिकायला जायचं आहे. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला राज्यभरातली किती तरी लेकरं जुन्या कपड्यांत झेंड्याला उभी होती, हे तुम्हीच छापलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला, २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती.

बचत गटांच्या बायांना तेव्हा फार बोल लागले. मला ते पटलं नाही, कारण तीच चूक मी स्वतः केलेली आहे. लग्न नुकतं झालं होतं, हात चालता होता आणि डोक्यात हवा होती. जवळच्या एका गावच्या शाळेनं साठ गणवेशांचं काम दिलं. उन्हाळ्याची सुटी होती, पोरं कुठं सापडणार, म्हणून मी इयत्तेवरून मापं काढली. पहिलीचं एक, दुसरीचं एक, असं. वर वेळ आणि कापड वाचवायला माया सोडली नाही. खरं तर एका वर्गात आठ वर्षांचं लेकरू आणि बारा वर्षांचं पोट्टं शेजारी बसायचं. कुणी उशिरा नाव घातलेलं, कुणी वेचणीच्या हंगामात शाळा सोडून परत आलेलं. १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत एका पोराची चड्डी चौकातच खाली आली. सगळं गाव हसलं. ते पोरगं दिवाळीपर्यंत शाळेत गेलं नाही, असं त्याच्या आजीनं मला बाजारात गाठून सांगितलं. ढिल्ले होते ते मी घट्ट करून दिले, पण आखूड झालेल्यांना मोकळं करायला आत कापडच नव्हतं. वडील महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

म्हणून रंगावरून भांडणाऱ्यांशी माझं काही म्हणणं नाही. आकाशी घ्या, चौकडी घ्या, खाकी परत आणा. मार्च २०२४ मध्ये तर गुरुजींनाही जीन्स-टीशर्ट बंद करून शर्ट खोचायला सांगितलं आहे. मला तो खोचलेला शर्ट आवडतो, पण गुरुजी निदान स्वतःच्या मापाचा शिवून घेतात. लेकराला तेवढं तरी मिळावं.

समितीच्या हातात काम परत आलं खरं, पण धोका टळलेला नाही. तालुक्याचा व्यापारी रेडिमेडचे गठ्ठे घेऊन शाळेत पोचतो. २८, ३०, ३२ असे आकडे, आत माया अर्धा बोटही नाही, पहिल्या धुण्यात काखेतून उसवतो. बिल ३०० च्या आत बसतं, कागद पुरे होतात. समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यांनी बिलावर सही करायच्या आधी एक शर्ट उलटा करून शिवण पाहावी. एवढ्यानंच अर्धा माल परत जाईल.

आपल्याकडे विदर्भात ऊन म्हणून शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मे महिन्यात लग्नसराई आटोपली की गावोगावचे आम्ही शिवणारे आणि बचत गटाच्या बाया मोकळ्याच असतो. परीक्षा संपायच्या आत, एप्रिलमध्ये, वर्गात येऊन मापं घेऊ द्या. दोन महिन्यांत पोट्टे वाढतील, त्याची काळजी माया घेईल. ऑर्डरवर रंगाच्या आणि खिशांच्या ओळी असतातच, त्याखाली आणखी दोन ओळी लिहा: कमरेत, काखेत आणि दुमडीत दोन बोटं कापड आत सोडावं, मुलींच्या ड्रेसला उजव्या बाजूला खिसा असावा. पैसे त्याच ६०० मध्ये बसवायचे असतील तर कापडात काटकसर करू नका, माझ्या शिलाईत करा. आमच्या गावापुरता मी तयार आहे.

आपला,
एक शिलाईकाम करणारा वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती