साचा रुसला म्हणून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू घरी ओतलेल्या बंदुकीच्या शिशाच्या गोळ्यांचे फोटो मोठे करकरून पाहिले. तू मिश्रण बदलायच्या विचारात आहेस, ते तूर्त सोड. खोट शिशात नाही, साच्यात आहे. आणि पॉटचं, म्हणजे शिसं वितळवायच्या भांड्याचं, बटण सारखं फिरवणं आधी थांबव. शिसं ३७० अंश सेल्सियसला (फॅरनहाइटमध्ये ७००) स्थिर ठेव आणि त्याला विसरून जा. त्यापुढे साच्याचा ताप सांभाळायचा तो हाताच्या वेगाने.

पहिल्या फोटोतल्या गोळीच्या अंगावर सायीसारख्या सुरकुत्या आहेत. याची कारणं दोनच: साचा गार, नाहीतर तेलकट. सलग वीस वेळा ओतून बघ. सुरकुत्या कमी होत गेल्या तर साचा गार होता. त्याच जागी तशाच राहिल्या तर तेल. मला तेलाचीच शंका आहे. तेलकट भांड्यावर कल्हई बसत नाही, तसंच हे. अॅल्युमिनियमचा नवा साचा कापकामाच्या वेळचं तेल अंगात घेऊनच येतो. भांड्यांचा साबण, कढत पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन दोनदा घास, मग ठणठणीत वाळव. पाण्याच्या बाबतीत हयगय नको. वितळलेल्या शिशाखाली एक थेंब अडकला तरी त्याची वाफ होऊन शिसं छतापर्यंत उडतं. पॉटमध्ये टाकायच्या तुकड्यांनाही हाच नियम. चष्मा, हातमोजे, लांब बाह्या आणि बंद बूट हवेतच.

वाळलेला साचा हॉटप्लेटवर तापव. मग त्याचा कोपरा क्षणभर शिशात बुडव. शिसं चिकटून आलं तर साचा अजून गार आहे, स्वच्छ सुटलं की ओतायला लाग. दोन घरांच्या (एका वेळी दोन गोळ्या निघणाऱ्या) साच्याला मिनिटाला तीनेक वेळा ओतणं हा बरा वेग. गोळी सगळीकडून दहिवर पडल्यासारखी फिकट दिसू लागली तर साचा जास्त तापलाय, जरा दमाने घे. नुसत्या फिकटपणाने गोळी वाया जात नाही, कडा धारदार असल्या की झालं.

आता गोळीचं बूड. तुझ्या दुसऱ्या फोटोत बुडाची कड गोल झाली आहे. याकडे काणाडोळा करू नकोस. नाक थोडं बिघडलं तरी चालून जातं, पण बुडावर वायूचा दाब येतो. ते एका बाजूला कमी भरलं की गोळी नळीतून सुटतानाच तिरकी होते. वरची स्प्रू प्लेट (साच्याच्या माथ्यावरची, ओतायचं भोक असलेली फिरती पट्टी) गार असेल किंवा तिचा स्क्रू फार आवळला असेल, तर हवा निसटायला वाट राहत नाही आणि कड भरत नाही. साचा आडवा केल्यावर प्लेट स्वतःच्या वजनाने फिरली पाहिजे. ओतताना वर फुटाण्याएवढं शिसं जास्तीचं राहू दे. गोठताना गोळी आकसते आणि तेवढं शिसं वरूनच ओढून घेते. त्या फुटाण्याची चकाकी गेली की मनात पाच मोज, मगच प्लेट फिरव. घाई केलीस तर बुडात खड्डा पडतो आणि प्लेटखाली शिसं फासलं जातं. ते फासलेलं शिसं प्लेट गरम असतानाच लाकडी काडीने काढ. प्लेटच्या खिळीला टू-स्ट्रोक तेलाचा अर्धा थेंब पुरे. एक जास्त झाला तर तो घरात उतरतो आणि आपण परत सुरकुत्यांपाशी.

तू दिलेली गोळीच्या जाडीची मापं: जोडावर .३५८ इंच, त्याच्या काटकोनात .३६१. साच्याचा आकार चुकलाय असं तुला वाटतं, पण आधी तो नीट मिटतो का ते पाहा. रिकामा साचा मिटून उजेडासमोर धर. जोडातून उजेडाची रेघ दिसली तर साच्याच्या दोन पाळ्यांमध्ये, म्हणजे अर्ध्या भागांमध्ये, शिशाचा कण अडकलाय. तोही गरम असताना लाकडानेच काढ, चाकू लावू नकोस. पाळ्यांवरच्या बारीक रेघा हवा जाण्यासाठी असतात, त्यांतून टूथपिक फिरव. गोळी सुटत नसेल तर ठोका हँडलच्या बिजागरीच्या बोल्टवर, साच्यावर कधीच नाही.

एवढं करूनही कड भरत नसेल तरच कथील. साडेचार किलोला ९० ग्रॅम, म्हणजे २ टक्के. त्याहून जास्त म्हणजे पैसे उकळत्या शिशात. टायरची वजनं (चाकाचा तोल साधायला लावतात ती) वितळवतोस ना? त्यात जस्ताची असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. त्यामुळे ३७० ला जे तुकडे तरंगत राहतील ते झाऱ्याने काढून टाक. जस्त मिसळलं तर सगळं मिश्रण रव्याच्या खिरीसारखं होतं.

वरची राखाडी मळी मात्र वितळलेल्या शिशाहून कपटी. तिची धूळ उडते आणि पोटात जाते. ती झाकणाच्या डब्यातच टाक. गॅरेजचं दार उघडं ठेव, चहाचा कप आत नको, पोरांना तिथे येऊ देऊ नकोस, हात धुतल्याशिवाय घरात जाऊ नकोस. वर्षातून एकदा रक्तातलं शिसंही तपासून घे.

आधी फक्त साचा धू, बाकी काही बदलू नकोस. पुढच्या वेळी गोळ्या एका डब्यात ओतू नकोस. ओतलेल्या क्रमाने फळीवर मांड आणि त्या रांगेचा फोटो पाठव.

तुझा,
मधू