उपग्रहाला ओलं दिसलं, मेलेलं भात कोण बघणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत उपग्रहावरून शेतातलं बाष्पीभवन मोजण्याबद्दल जो अर्ध्या पानाचा लेख छापलात तो वाचून काल दिवसभर डोकं फिरलं होतं, म्हणून आज पेज जेवायच्या आधीच लिहायला बसलो. लेखकाने मेहनत घेतली असणार, त्याबद्दल वाद नाही. पण शेतकऱ्याला घरबसल्या सगळं कळणार, नुकसानीच्या अर्जांचा झटपट निकाल लागणार वगैरे जे लिहिलंय ना, तो झटपट निकाल माझ्या वाट्याला येऊन गेलाय.

मागे एका वर्षी चतुर्थी झाली आणि पावसाने जी ओढ दिली ती दिलीच. नदीचं पाणी नेहमीपेक्षा लवकर खारं झालं, त्यात अमावास्येची मोठी भरती, आणि आमच्या खाजनाच्या (म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या सखल शेताच्या) मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुजलेली (ती कुजलीय म्हणून पावसाळ्याआधीपासून आम्ही सगळे बोंबलत होतो, ते वेगळंच). एका रात्रीत पाणी आत. भात तेव्हा पोटरीत होतं. कोरगुट हे आमचं गावठी भात खारं सोसतं हे खरं, पण त्यालाही मर्यादा असते, आणि निम्म्या शेतात कोरगुट नव्हतंच, नव्या जातीचं बियाणं होतं. पात करपली, लोंब्या आल्या त्या सगळ्या पोचट.

भरपाईचा अर्ज केला. कचेरीचं नाव घेत नाही, तिथला पोरगाही बिचारा सांगकाम्या. त्याने टॅबलेटवर नकाशा काढून दाखवला, म्हणे सर तुमचा भाग तर निळा आहे, निळा म्हणजे बाष्पीभवन एकदम चांगलं, पिकावर ताण नाही. अरे बाबा, शेतात गुडघाभर खारं पाणी उभं आहे, ते उन्हात उडणार नाही तर काय करणार? पाणी उडतंय आणि भात मेलंय, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं! वरून ओलं आणि थंड दिसलं म्हणून निळा रंग पडला, पण ते पाणी भाताच्या पानातून गेलं की उघड्या पाण्यावरून गेलं हे नुसत्या उष्णतेच्या चित्रात कळत नाही. नकाशा कुठल्या दिवसाचा असं विचारलं तर त्याला माहीत नाही. अर्ज नामंजूर. देव बरें करूं.

मी शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालोय, त्यामुळे तुमच्या लेखातला 'उपग्रह अचूक मोजतो' हा भाग जास्तच खुपला. उपग्रह बाष्पीभवन बघतच नाही हो. तो बघतो जमिनीतून येणारी उष्णतेची किरणं, त्यावरून काढतात जमिनीचं तापमान, आणि पुढे सगळी वजाबाकी. जमिनीला जी निव्वळ ऊर्जा मिळते त्यातली थोडी मातीत मुरते, थोडी हवा तापवते, हे आकडे अंदाजाने काढून वजा करायचे आणि उरलं ते बाष्पीभवनात गेलं म्हणायचं. बायकोने पगारातून किराणा आणि वीजबिल वजा करून उरलेले सगळे नवऱ्याने उडवले असं ठरवावं तसं. किराण्याचा आकडा चुकला की नवरा फुकट बदनाम. एक चौरस मीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर पाणी, ते उडायला साधारण २.४५ मेगाज्यूल लागतात, विजेच्या हिशोबात पाऊण युनिटच्या जरा खाली, हे फिजिक्स पक्कं आहे. पण वजाबाकी एका मिलिमीटरने चुकली तर हेक्टरला १०,००० लिटर चुकले.

त्यातली एक गाजलेली पद्धत सेबाल, डच शास्त्रज्ञ बास्टियानसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली. तिच्यात चित्रातला एक कोरडा तापलेला ठिपका आणि एक ओला थंड ठिपका निवडतात आणि त्यांच्या मधल्या सगळ्यांचं गणित बसवतात. कोरड्या सपाट मुलखात चालत असेल. आमच्याकडे पाऊस जेमतेम सरलेला असताना कोरडं शेत आणणार कुठून, सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा, कातळ घेणार? तो काय मातीसारखा तापतो?

आणि चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर केवढा चौकोन ते तर लेखात सांगितलंच नाही. लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकन उपग्रहांचा उष्णतेचा ठिपका १०० मीटरचा, पण दोघांची मिळून फेरी ८ दिवसांनी एकदा, तीही आकाश मोकळं असेल तर. मोडिस हा उपग्रहावरचा कॅमेरा रोज येतो पण ठिपका १ किलोमीटरचा. आपला इन्सॅट उपग्रह दर अर्ध्या तासाने बघतो पण ४ किलोमीटरचा, म्हणजे १६ चौरस किलोमीटरला एक आकडा, ३,७०२ चौरस किलोमीटरचा अख्खा गोवा सव्वादोनशे-अडीचशे ठिपक्यांत आटोपला! आमच्या चोडण बेटावर एक किलोमीटरचा चौकोन टाकून बघा, त्यात खारफुटी, नदी, माड, घरं आणि कोपऱ्यात कुठेतरी माझं खाजन. नदी आणि खारफुटी थंडच असणार, मग ठिपका निळा नाही तर काय लाल होणार? जून ते सप्टेंबर तर ढगच ढग, उष्णतेच्या कॅमेऱ्याला ढगाचा माथा दिसतो, मधले दिवस आगेमागेच्या आकड्यांवरून भरून काढतात.

तंत्रज्ञान नको असं मी म्हणत नाही. म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या जंगलातून वर्षाला किती पाणी हवेत जातं ते बघायला हे उत्तम, तिथे झाडाझाडाखाली भांडी कोण ठेवणार. पण एका शेतकऱ्याचा अर्ज फेटाळायचा असेल तर एक माणूस बांधावर पाठवा की, फेरीबोटीने रायबंदरहून कितीसा वेळ लागतो.

आणि एक. लेखाबरोबर भेगा पडलेल्या जमिनीचा आणि आकाशाकडे बघणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो आहे, तो गोव्यातला नाही हे शेंबडं पोरही सांगेल. चौकटीत 'गोव्याचं तापमान' म्हणून जो आकडा दिलाय तो जमिनीचा आहे, हवेचा नाही. हवेचं तापमान सव्वा मीटरभर उंचीवर झडपांच्या पांढऱ्या पेटीत सावलीला मोजतात. एप्रिल २०२२ मध्ये सेंटिनेल-३ उपग्रहाने वायव्य भारतात जमिनीचं ६० अंशांच्या वर दाखवलं तेव्हाही लोकांनी ते हवेचं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं होतं, निदान छापील पेपराने तरी तसं करू नये.

मागच्या वेळी माझ्या पत्राला कात्री लावून चार ओळी ठेवल्या होत्या. या वेळी जागा कमी पडली तर नवरा-बायकोचं कापा, मानशीचं राहू द्या, फळी अजून बदललेली नाही.

कळावे,
आपला एक वाचक, चोडण