28 डिसेंबरचा फळा

सावदा, ता. रावेर
5 डिसेंबर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परिपाठात 28 डिसेंबरचा दिनविशेष तुझ्या वाट्याला आला हे कळलं. तारीख फार चांगली मिळाली, कारण तिच्यात आपलं फैजपूर आहे. फक्त दिनविशेषाच्या पुस्तकातून आठ-दहा ओळी उतरवून वाचू नकोस. ओळीमागून ओळ ऐकली की मुलांच्या डोक्यात एकही राहत नाही. तीन मिनिटांत सावकाश बोललं तर तीनशेच्या आसपास शब्द होतात. तेवढ्यात दोन घटना नीट सांगता येतील, तिसरी ओझरती.

सुरुवात फैजपूरपासूनच कर. 27 आणि 28 डिसेंबर 1936 ला तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याआधीची सगळी अधिवेशनं शहरांत झाली होती, खेड्यात भरलेलं हे पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि गांधीजीही हजर होते. अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर नाव दिलं होतं. ते उभारताना सजावटीसाठी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले. खेड्यातल्या अधिवेशनात खेड्यातलंच सामान वापरायचं असं ठरलं होतं, म्हणून बांबू, चटया, खादी असल्या साध्या वस्तूंतून त्यांनी ते नगर सजवलं. इथे एक चूक बरेच जण करतात, ती तू टाळ. नंदलाल बोसांची ती प्रसिद्ध रंगीत चित्रं, ढोलकीवाला, सूत कातणारी बाई वगैरे, ती फैजपूरची नाहीत. ती 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी काढलेली आहेत. फळ्यावर चित्र चिकटवायचं झालं तर ते चिकटवू नकोस.

मला या अधिवेशनातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती शेतकऱ्यांची पायी यात्रा. पाचशे शेतकरी मनमाडहून निघाले आणि गावोगाव सभा घेत, दोनशे मैलांहून जास्त चालत फैजपूरला पोहोचले. दिवसाला पंधरा मैल धरले तरी दोन आठवड्यांची चाल झाली. मनमाड-भुसावळ गाडीत आपण डुलकी काढून उतरतो, तो मुलूख ते बोलत बोलत चालले. त्यांच्या स्वागताला खुद्द नेहरू होते. अधिवेशनात शेतीचा एक कार्यक्रम मंजूर झाला: खंड (कुळाने जमीनमालकाला द्यायचा मोबदला) आणि शेतसारा कमी करणं, कर्जाचा बोजा हलका करणं, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, शेतकऱ्यांना संघटना करण्याचा हक्क. साने गुरुजींनीही या अधिवेशनासाठी खूप राबून काम केलं.

फळ्यावर 'जळगाव जिल्हा' लिहू नकोस. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते, आणि 1936 साली फैजपूर पूर्व खानदेशात होतं. घटना ज्या काळची, नाव त्या काळचं.

आता गंमत बघ. काँग्रेसचं पहिलं अधिवेशनही 28 डिसेंबरलाच सुरू झालं, 1885 साली, मुंबईत, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. 72 प्रतिनिधी होते आणि अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. खरं तर ते पुण्यात भरायचं होतं, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईला हलवलं. तारीख जुळली हा मात्र निव्वळ योगायोग नाही. प्रतिनिधींत वकील बरेच. नाताळात कोर्टं आणि कचेऱ्या बंद असत आणि लांबून आगगाडीने यायला सवड मिळे, म्हणून अधिवेशनं वर्षानुवर्षं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडत गेली. पुढे 1929 च्या लाहोर अधिवेशनात ठरलं की कडाक्याच्या थंडीत गरिबांचे हाल होतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवावं. म्हणून 1931 चं कराचीचं मार्चमध्ये झालं. फैजपूरचं पुन्हा डिसेंबरात आलं, तेव्हा 1937 च्या सुरुवातीच्या प्रांतिक निवडणुका अगदी तोंडावर होत्या. दोन घटना एका तारखेला दिसल्या की 'याच तारखेला का?' हे आधी शोधायचं. इथे उत्तर सापडतं. पुढच्या दोन घटनांत सापडणार नाही, तिथे योगायोगच म्हण, ओढूनताणून नातं जोडू नकोस.

28 डिसेंबर 1895, पॅरिस. ग्रँड कॅफेच्या तळघरातल्या दालनात ल्युमिएर बंधूंनी एक फ्रँक तिकीट लावून चलचित्रं दाखवली. तिकीट काढून आलेले 33 जण, चित्रं दहा, प्रत्येक जेमतेम 50 सेकंदांचं. 'जगातला पहिला सिनेमा' असं लिहू नकोस. बर्लिनमध्ये नोव्हेंबर 1895 ला स्क्लाडानोव्स्की बंधूंनी तिकीट लावून खेळ केलाच होता. 'ल्युमिएर बंधूंचा पहिला जाहीर, तिकिटाचा खेळ' हे बरोबर. अंगावर येणाऱ्या आगगाडीचं चित्रही त्या दिवशीच्या दहांत नव्हतं, ते नंतर दाखवलं गेलं.

ल्युमिएर बंधूंचं चलचित्रांचं यंत्र कसं चाले हे सांगितलंस तर मुलं कान देतील. फिल्म सरळ सरकत राहिली तर पडद्यावर नुसता फराटा उमटतो. चित्र क्षणभर थांबलं पाहिजे, तेव्हा उजेड पडला पाहिजे, आणि पुढचं चित्र सरकताना उजेड झाकला पाहिजे. शिलाई मशीनमध्ये सुई वर असते तेव्हाच खालचे दात कापड पुढे ढकलतात आणि सुई कापडात असताना ते थांबतं, त्यावरूनच ही युक्ती सुचली. दांडा सेकंदाला दोनदा फिरवायचा, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा. पन्नास सेकंदांना आठशे चित्रं आणि सुमारे 17 मीटर फिल्म. जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर सोळा चित्रं काढून ती अंगठ्याने फडफडवून दाखव, फळ्यावर लिहिण्यापेक्षा ते लवकर कळेल. हे यंत्र 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचलंही होतं.

तिसरी घटना दुःखाची आहे. 28 डिसेंबर 1879, रविवार, संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला. मधल्या उंच भागाचे 13 गाळे गाडीसकट पाण्यात गेले. सुमारे 75 माणसं गेली, एकही वाचलं नाही. पूल जेमतेम दीड वर्षाचा होता.

का पडला, ते केळीच्या बागेवरून सांग. बागेभोवती शेवरी लावतात ती वाऱ्यासाठी. झाडाला घडाचं वजन पेलतं, पण आडवा वारा रुंद पानांत भरला की तेच झाड मोडतं. टॉमस बाऊच या इंजिनिअरने पुलाचा हिशेब करताना वरून येणारं वजन धरलं, बाजूने येणारा वारा जवळजवळ धरलाच नाही. भरीस भर म्हणजे बिडाचे खांब ओतताना तिरक्या पट्ट्यांच्या बोल्टची भोकं निमुळती राहिली होती. बोल्ट भोकाच्या फक्त कडेवर टेकायचा, सगळा ताण तिथेच यायचा आणि बोल्ट अडकवायचे बिडाचे कान तुटायचे. बीड दाबाला टिकतं, ताणाला तुटतं. चौकशीत पुलाची आखणी, बांधणी आणि देखभाल तिन्ही वाईट ठरली. पुढे फोर्थ नदीचा पूल बांधताना वाऱ्याचा दाब चौरस फुटाला 56 पौंड धरला.

टे नदीचा पूल पडला त्या वेळी आजच्या भारतीय घड्याळाप्रमाणे रात्रीचा पाऊण वाजला असता, म्हणजे 29 डिसेंबर. म्हणून तारीख नेहमी घटना घडली त्या गावची लिहितात. तिथीचंही कुणी विचारेल. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. या सगळ्या घटना एका तिथीला येणार नाहीत. तारखा इंग्रजी कॅलेंडरच्या आहेत, हे स्पष्ट सांग.

वाढदिवस एका ओळीत उरक: धीरूभाई अंबानी 1932, रतन टाटा 1937.

फळ्यावर सन डावीकडे मोठ्या आकड्यांत, गाव त्याच्याखाली, आणि घटना एका वाक्यात उजवीकडे. पिवळा खडू फक्त सनासाठी. मजकूर आदल्या संध्याकाळी लिही, सकाळी प्रार्थनेच्या घाईत आकडे चुकतात. आधी कागदावर लिहून मला वाचून दाखव.

तुझी आई

ता. क. मेसिनाचा भूकंपही याच तारखेचा, 1908, पहाटे 5.20, इटली. धक्का अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त, आणि काही मिनिटांत समुद्राच्या लाटा आल्या. मृतांचा आकडा पुस्तकागणिक वेगळा आहे, तेव्हा 'पाऊण लाखाहून अधिक' एवढंच लिही. वेळ उरला तरच घे. मामांबरोबर बामणोदची वांगी पाठवते आहे, भरीत वसतिगृहातल्या ताईंकडून करून घे.