बाबा, ही सेंटर्स कशाला लागतात ते सांगते

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की पेपरात येतंय, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्या डायव्हर्सिटीवाले विभाग बंद करायला लागल्यात, मग तुझ्या नोकरीचं काय, आणि मुळात एकदा अ‍ॅडमिशन दिल्यावर ब्लॅक मुलांचं वेगळं सेंटर, मेक्सिकन मुलांचं वेगळं, हे सगळं कशाला लागतं. लाइन सारखी कट होत होती आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. आई, तू हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, त्यांना मोबाइलमध्ये डोळे घालून बसू देऊ नकोस.

आधी नोकरीचं. मी अ‍ॅडव्हायझर आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांनी विषय कुठले घ्यायचे, मार्क घसरले तर काय करायचं, कुणाकडं जायचं हे बघायचं माझं काम, त्यामुळे तेवढ्यासाठी झोप घालवू नका. पण बातमी खरी आहे. टेक्ससमध्ये कायदाच केला, १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला आणि ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीतलं मल्टिकल्चरल सेंटर बंद पडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये युटाच्या युनिव्हर्सिटीनं ब्लॅक मुलांचं सेंटर बंद केलं, मुलींसाठीचं पण केलं. मिशिगनची युनिव्हर्सिटी तर या कामात सगळ्यांच्या पुढं होती, तिनं मार्च २०२५ मध्ये आपलं डायव्हर्सिटीचं ऑफिस गुंडाळलं. मला याचं फार वाईट वाटतं, आणि का वाटतं ते बाबांना कळेल असं मला वाटतं, कारण ते स्वतः बोर्डिंगात राहून शिकलेत.

आता इथली गोष्ट सांगते. १९६८ साली इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या या अर्बानाच्या कॅम्पसवर ब्लॅक मुलं होती जेमतेम एक टक्का. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली, देश पेटला, आणि इथल्या ब्लॅक विद्यार्थ्यांनी लावून धरल्यावर युनिव्हर्सिटीनं ठरवलं की येत्या वर्षी पाचशे मुलं घ्यायची. त्याला नावच पडलं प्रोजेक्ट ५००. वेळ थोडा होता, मग विद्यार्थ्यांनीच सुट्टीत शिकागोत आणि बाकीच्या शहरांत फिरून, आईबापांना भेटून मुलं गोळा केली, आणि सप्टेंबरमध्ये साडेपाचशेच्या वर मुलं सामान घेऊन येऊन उभी राहिली. आणि मग कळलं की काहींच्या खोल्यांचा घोळ आहे, पैशाची जी मदत कबूल केली होती तीही काहींना तशी मिळत नाहीये. ९ सप्टेंबरच्या रात्री पोरं इलिनी युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीत बसून राहिली, उठायलाच तयार नाहीत, शेवटी मध्यरात्रीनंतर पोलीस आले आणि २४० हून जास्त जणांना पकडून नेलं. विचार करा, घरातलं कॉलेजला जाणारं पहिलं पोरगं, वर्ष अजून धड सुरू नाही आणि त्याच्यावर केस. त्यातली बरीच मुलं तरीही टिकली, शिकली, आणि त्यांच्याच रेट्यानं पुढच्या वर्षी, १९६९ ला, ब्लॅक मुलांचं कल्चरल सेंटर निघालं. १९७४ ला लॅटिनो मुलांनी भांडून ला कासा हे आपलं सेंटर मिळवलं, मग पुढं नेटिव्ह अमेरिकन हाउस २००२ ला, आशियाई मुलांचं २००५ ला, सगळी आता नेवाडा स्ट्रीटवर एकमेकांच्या आजूबाजूला आहेत. कुणी वरून दान दिलेली नाहीत ही.

बाबा, तुम्हीच सांगायचात ना, भुदरगडातनं आलो तेव्हा कॉलेजात नाव लागलं होतं पण राहायचं कुठं आणि खायचं काय याचा पत्ता नव्हता, बोर्डिंग नसतं तर दिवाळीलाच गावाला परत गेलो असतो. शाहू महाराजांना हेच दिसलं होतं. सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून त्यांनी आधी बघितलं, पण शेवटी त्यात राहिली कोण तर आधीच शिकणाऱ्या घरांतली, बाकीची पोरं गळून गेली. मग १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, मराठ्यांचं, जैनांचं, मग मुसलमानांचं, लिंगायतांचं, आणि १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०२ ला नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या ते सगळ्यांना पाठ आहे, पण बोर्डिंगं नसती तर त्या जागांवर बसायला शिकलेली माणसं कुठनं आली असती? भाऊराव पाटलांनी पण कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगात दिवस काढले आणि पुढं साताऱ्याला सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग चालवून दाखवलं. म्हणजे वेगळं बोर्डिंग हे कायम वेगळं राहण्यासाठी नव्हतं, आधी पाय टेकायला जागा हवी म्हणून होतं. इथं मला रोज तेच दिसतं.

एक मुलगा आहे माझ्याकडं, शिकागोच्या दक्षिण भागातला, हुशार, गणितात पहिल्याच परीक्षेत कमी मार्क पडले आणि त्यानंतर तो क्लासलाच जाईना. माझ्या ऑफिसात येऊन मान खाली घालून बसायचा, मी काय कितीही प्रेमानं बोलले तरी मी त्याच्यासाठी ऑफिसातली बाई. मी त्याला दुपारच्या जेवणाला सेंटरमध्ये पाठवलं, तिथं जेवण असतं आणि जेवता जेवता कुणीतरी एखाद्या विषयावर बोलतं, बाकी काही नाही. तिथं त्याला तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली, ती म्हणाली अरे त्याच कोर्समध्ये माझी पण तशीच वाट लागली होती, चल, ट्यूटर कुठं बसतात दाखवते. ही एवढीच गोष्ट. आता तो नियमित जातो. हे मी माझ्या खुर्चीत बसून करू शकत नव्हते बाबा, त्याला ते त्याच्यासारख्या कुणाकडनं तरीच ऐकायचं होतं. आणि तुम्हाला वाटतंय तसं दार लावून बसलेली नसतात ही सेंटर्स, जेवणाला कुणीही जाऊ शकतं, मी जाते, चिनी मुलं येतात, इथल्या शेतकऱ्यांची गोरी मुलं येतात, बऱ्याच जणांना आपल्याहून वेगळ्या माणसाशेजारी बसून जेवायची आयुष्यातली पहिली वेळ असते.

आई, तू आली होतीस तेव्हा गुडघ्यानं तुला पायरी चढवत नव्हती आणि तू म्हणालीस की इथं प्रत्येक कोपऱ्यावर फुटपाथला उतार केलाय, किती बरं केलंय. ते पण याच कामातनं आलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर अपंग मुलांना शिकता यावं म्हणून टिमथी न्युजंट नावाच्या माणसानं १९४८ ला या युनिव्हर्सिटीच्या गेल्सबर्गच्या शाखेत कार्यक्रम सुरू केला, वर्षभरात ती शाखाच बंद करायचं ठरलं तेव्हा ही व्हीलचेअरवरची मुलं राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, निदर्शनं करायला गेली, आणि मग सगळं अर्बानाला हललं. फुटपाथचे उतार, लिफ्ट असलेल्या बसेस, हे सगळं इथं खूप लवकर झालं, कायदे नंतर आले. केलं त्या मुलांसाठी आणि उपयोग झाला तुला, बाळाची गाडी ढकलणाऱ्या बाईला, सगळ्यांना.

सगळंच चांगलं आहे असं म्हणत नाही हं. वर्षातनं एकदा कॉम्प्युटरवर बटणं दाबत बसायचं ट्रेनिंग, भिंतीवरची हसऱ्या चेहऱ्यांची पोस्टर्स, यातलं काही गेलं तर मला दुःख नाही. आणि मान द्यायला पण इथं फार उशीर झालेला आहे, १९२६ पासून मॅचच्या मध्यंतराला एक विद्यार्थी पिसांचा टोप घालून आदिवासी सरदार म्हणून नाचायचा, चीफ इलिनिवेक म्हणायचे त्याला, नेटिव्ह विद्यार्थी वर्षानुवर्षं सांगत होते की ही आमची थट्टा आहे, ते थांबायला २००७ उजाडलं. ज्यांची ही जमीन होती त्यांच्या पोरांना त्याच जमिनीवर हे बघत शिकावं लागलं.

आणि एक गोष्ट जी आपल्या माणसांना ऐकायला आवडत नाही. आपल्याकडची मुलं इकडं येतात तेव्हा जात पण बॅगेत घालून आणतात. पार्टीत आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, मग घरी काय खाता विचारायचं, हे कशासाठी असतं ते समोरच्याला बरोबर कळतं. आपल्या विदर्भातला एक मुलगा मला म्हणाला की ताई, गोऱ्यांच्यात मी नुसता इंडियन असतो, आपल्या लोकांत गेलो की मला आडनाव गिळावं लागतं. ब्रँडाइस युनिव्हर्सिटीनं २०१९ ला आणि कॅलिफोर्नियाच्या स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ ला जातीवरनं भेदभाव करायचा नाही असं नियमातच लिहिलं, तेव्हा इथल्या आपल्याच काही लोकांना राग आला. मला बरं वाटलं. १९१३ ला बाबासाहेब कोलंबियात शिकायला आले त्याला शंभर वर्षं उलटून गेली, आता तरी त्या पोराला नाव लपवायला लागू नये ना.

बाबा, आता तुमच्याकडं एक काम आहे. इथले काही विद्यार्थी मला म्हणाले की तुमच्याकडच्या त्या बोर्डिंगांबद्दल एका दुपारी येऊन बोला. पुस्तकातलं मी सांगेन, पण मला तुमचं हवंय. जेवायला काय असायचं, फी किती होती आणि घरनं पैसे नाही आले तर काय करायचे, इंग्रजी कोण शिकवायचं, बाहेरच्या मुलांशी मैत्री व्हायची का, आणि सुपरिंटेंडेंट कसे होते. तुम्ही नुसतं बोला, आई रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल, थोडं थोडं करून पाठवलं तरी चालेल. बोर्डिंगातला तो ग्रुप फोटो कपाटात असेल तर त्याचा पण फोटो काढून पाठवा, मागच्या रांगेतले कोण कोण ते नावानिशी सांगा.

डोळ्यात ड्रॉप्स वेळेवर घाला, आई तू गुडघ्याचा व्यायाम सोडू नकोस. रविवारी फोन करते.

तुमची,
ताई