जोश गेला कुठे?

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. ‘दिवसभर स्क्रीनवर आरोग्य विम्याचे क्लेम तपासतो, संध्याकाळी काय केलं ते आठवत नाही. कॉलेजातला मी राहिलोच नाही,’ असं लिहिलंयस. फोन करून ‘होईल रे सगळं नीट’ म्हणता आलं असतं, पण तुझी तशी बोळवण करायची नाहीये. म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेज म्हटलं की तुला स्टेज आठवतं, प्राचार्यांच्या केबिनबाहेरचा ठिय्या आठवतो. त्याची झिंग होतीच. मला मात्र तू आठवतोस तो मुरबाडच्या शिबिरातला. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर केवळ सर्टिफिकेटसाठी उरकणारे आपल्यात होते, तू नव्हतास. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, थर रचायचे. एक गोणी सुटली की वरचा सगळा थर खचतो, असं गावातल्या काकांनी सांगितलं आणि तू दाभण-सुतळी घेऊन जो बसलास तो अंधार पडेपर्यंत उठला नाहीस. प्रतिनिधी होतास, पाहुण्यांबरोबर फोटोला उभा राहू शकला असतास. टाळ्या वाजवायला तिथे कोण होतं? पण पाणी तुंबायला लागलं, गुरं प्यायला आली, तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिलाय. मला वाटतं, तुझा जोश तिथे होता. आपण शिवतोय ते कुठे लागतंय, हे तुला डोळ्यांनी दिसत होतं. आत्ताच्या नोकरीत नेमकं तेच दिसत नाही.

माझंही सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाल्यावर असंच झालं होतं. आवक नोंदवायची, टिपणी लिहायची, फाइल वर पाठवायची, शेरा मारून परत आली की पुन्हा लिहायची. मग टेबलावरच्या सहा गठ्ठ्यांशी ओळख झाली. आमच्याकडे सहा गठ्ठा पद्धत असते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीनं पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे. प्रलंबित गठ्ठ्यावर सगळ्यांची नजर असते. दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे साधारणपणे कोणतीही फाइल एका माणसाकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहता कामा नये, म्हणून ती हलते तरी. प्रतीक्षाधीनचं तसं नाही. आपण दुसऱ्या कार्यालयाला पत्र पाठवलंय, उत्तर यायचंय. तिथे फाइल वर्षानुवर्षं पडून राहते आणि कुणी अडवली असंही म्हणता येत नाही, कारण प्रत्येकानं आपापलं पत्र पाठवलेलं असतं.

त्या गठ्ठ्यात एका शिपायाच्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण होतं. नवरा आधी दुसऱ्या कार्यालयात होता, तिथल्या काही वर्षांची सेवा पडताळणी सेवापुस्तकात नोंदवलेली नव्हती. ती झाल्याशिवाय प्रकरण महालेखापालांकडे जाईना. फाइलमध्ये स्मरणपत्र एक, दोन, तीन. मजकूर तोच, तारीख बदललेली. मला आपली शिष्यवृत्तीची लढाई आठवली. अर्ज दिला आणि घरी गेलो, असं आपण कधी केलं का रे? ज्या खिडकीवर कागद अडला तिथे जाऊन उभे राहायचो, नेमकं काय कमी आहे ते विचारायचो आणि ते हुडकून आणायचो. मग साहेबांची परवानगी काढली आणि सेवापुस्तक घेऊन त्या कार्यालयात स्वतः गेलो. तिथला क्लार्क भला माणूस. जुन्या वेतन देयकांचे गठ्ठे सोडले, दोघांनी मिळून नोंदी शोधल्या. सही-शिक्का त्याच दिवशी झाला.

पेन्शन सुरू झाल्यावर त्या बाई आल्या. पासबुक माझ्यासमोर उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘हे बघा, आले,’ एवढंच म्हणाल्या. मोर्चा जिंकल्यावरही मला इतकं भरून आलं नव्हतं.

त्यानंतर प्रतीक्षाधीन गठ्ठा मी मागून घेतला. आपल्याला भाषणं येत होती ती येत होतीच, पण आपलं खरं बळ पाठपुराव्यात होतं. आणि पाठपुरावा करणारा माणूस ऑफिसात शोधून सापडत नाही.

काही जण सांगतात, नोकरी पोटासाठी करावी, आवड शनिवार-रविवारी जपावी. मीही सुटीच्या दिवशी मुलांबरोबर खाडीकाठी कांदळवनातलं प्लास्टिक उचलायला जातो. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून मुलांचा उत्साहही वाढलाय. मनापासून आवडतं ते. पण आठवड्याचे पाच दिवस मन मारून काढायचे आणि दोन दिवस जगायचं, हा हिशेब मला पटत नाही. तुलाही पटू नये.

तुझ्या कामाबद्दल मला कळतं ते इतकंच, की ‘कागदपत्रं अपुरी’ म्हणून जे क्लेम परत जातात, त्यांच्या मागे कुणाचं तरी आजारपण असतं. घरातलं माणूस नुकतंच हॉस्पिटलातून आलेलं असतं आणि हातात तुमचं इंग्रजी पत्र पडतं. डिस्चार्ज समरी कोणती, मूळ बिल कोणतं, मिळणार कुठून, काही उमजत नाही. टीम लीडरकडे तेवढंच काम माग. परत गेलेल्यांपैकी किती जण पुन्हा कागद पाठवतात आणि किती जण नाद सोडून देतात, ते बघ. जे नाद सोडतात त्यांना फोन करायची परवानगी मिळते का, विचार. नाहीच मिळाली तर निदान पत्राची भाषा बदलता येते का ते पाहा. कॉलेजात प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांची यादी सोप्या मराठीत लिहून तूच तर गेटवर लावली होतीस. पोरं ती बघून कागद जुळवायची.

राजीनाम्याचा विचार तोवर बाजूला ठेव. हे करून पाहिल्यावरही मन लागलं नाही, तर सोड. मी ‘का सोडलीस’ म्हणून विचारणारसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी येतोस का? ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर लोकल पकड, मी ऐरोली स्टेशनवर येतो. आई विचारतच असते तुझं. त्या पत्राचा नमुना घेऊन ये, ग्राहकाचं नाव-गाव काढून. आपण बसून ते मराठीत लिहू.

तुझाच,
जीएस