पन्नास मारल्या, त्रेपन्न सापडल्या

कोलंबस, ओहायो
ऑक्टोबर २०२४

प्रिय दिग्या,

शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे. मार्चपासून तुझे तीन मेसेज तसेच पडलेत. एकाला मी नुसता अंगठा दाखवला आणि तो तुला किती झोंबला असेल ते मला ठाऊक आहे. आई बरी आहे, शुगर वरखाली. माझी पाठ होती तशीच. झाली तब्येत.

मी रायफल घेतली.

हसून झालं की पुढं वाच.

यात निम्मा दोष तुझा. ऑगस्टमध्ये तू स्वप्नील कुसाळेच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवलास. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो चारदा बघितला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं पोरगं, तेव्हा रेल्वेत टीसी, आणि पॅरिसला रायफल नेमबाजीत ४५१.४ गुण मारून ब्राँझ. खाशाबांच्या १९५२ नंतर महाराष्ट्राच्या माणसाला एकट्याच्या जोरावर मिळालेलं पहिलं ऑलिंपिक पदक. (खाशाबा कराडचे म्हणून तू वाद घालशील. घडले कोल्हापुरात, विषय संपला.) त्या रात्री झोप लागली नाही. आपला एनसीसीचा कॅम्प डोळ्यासमोर येत राहिला. पालथं पडून छातीखाली टोचणारे खडे, पॉइंट टू टूचा तो जड दस्ता, आणि पाच राउंड. वर्षाला पाच! त्यासाठी आपण महिनाभर बूट पॉलिश करायचो.

इथं ही गोष्ट किती सोपी आहे ते सांगितलं तर तुझे तात्या खुर्चीवरून पडतील. त्यांच्या बारा बोअरच्या नूतनीकरणाला कलेक्टर कचेरीत किती खेटे, पोलीस चौकशी, 'शेतीसंरक्षण' लिहिलेलं असूनही साहेबाचा तोच प्रश्न, 'बंदूक कशाला पाहिजे?' इथं तो प्रश्न कुणी विचारतच नाही. मी एच-वनवर होतो तेव्हाचा नियम तर भारीच होता. त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवायला बंदी, पण शिकारीचं लायसन काढलं की चालतं. आता ग्रीन कार्ड आहे, तेवढीही भानगड नाही.

माझ्या टीममधला एक जण मागं लागला होता, विकत कशाला घेतोस, एआर-१५ घरी जोड. त्यातला 'लोअर' म्हणतात तो खालचा सांगाडा, नंबर कोरलेला, तेवढाच कायद्यानं बंदूक. तो दुकानातून फॉर्म भरून घ्यायचा. बाकी नळी, दस्ता, चाप, सगळं कुरिअरनं दारात. त्यानं स्वतःची स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडली आहे. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग तात्यांची लूना आठवली. आपण ती उघडली, परत बसवली आणि दोन स्क्रू उरले. ते तू ओढ्यात टाकलेस. (मी नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.) ज्या वस्तूतून गोळी सुटते तिच्यात स्क्रू उरून चालणार नाही, म्हणून तयारच घेतली.

रूगर १०/२२. इथं 'टेन ट्वेंटी-टू' म्हणतात. १९६४ पासून बनते, इथल्या निम्म्या लोकांची पहिली रायफल हीच असावी. साडेअठरा इंची नळी, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आपल्या त्या धुडापुढं खेळणंच. एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप चढते. दहाचं गोल मॅगझिन पोटात बसतं, बाहेर काही लोंबत नाही.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म. तुम्ही फरारी आहात का, गांजा ओढता का, अशा प्रश्नांना 'नाही, नाही' करत खुणा करायच्या. मग काउंटरवरचा माणूस तुमची माहिती एफबीआयच्या यंत्रणेकडं पाठवतो. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याचं चार मिनिटांत झालं. माझं आलं 'डिलेड'. आपलं आडनाव बघून तिथल्या बाईला घेरी आली असेल. तीन कामाचे दिवस थांबा म्हणाले, दुसऱ्याच दिवशी फोन आला, घेऊन जा.

आता ऐक. पहिल्या रविवारी रेंजवर गेलो. टेबलावर पाचशेचा डबा ठेवला आणि पाच राउंडांत माझं वर्ष संपलं. मग पुढची पाच. मग त्याच्या पुढची. एक गंमत म्हणजे दहावी गोळी गेल्यावरही या रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी चढवणारा सरकता भाग, मागं थांबत नाही, पुढं येऊन गुपचूप बसतो. अकराव्यांदा चाप ओढला की नुसतं 'टक्'. संपलं हे ती सांगत नाही, आपण मोजायचं. मी कुठला मोजतोय! रिकाम्या पुंगळ्या उजवीकडं उडत होत्या, शेजारच्याच्या पायाशी जात होत्या, आणि त्याला काही वाटत नव्हतं. शेवटी एक पोरगा झाडू घेऊन आला आणि सगळं पितळ बादलीत लोटून गेला. शेंगांच्या टरफलासारखं.

मी तिथंच बाकावर बसलो. कॅम्पातल्या उस्तादांचा आवाज आला कानात, 'खाली केस गिनो!' आठवतंय ना? एक पुंगळी कमी भरली होती. सगळी कंपनी अंधार पडेपर्यंत गवतात गुडघ्यावर. बॅटऱ्या आणल्या. तुझ्या लेनची कमी म्हणून तुला रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सात मारल्यास, आठवीला पडलास.

दिग्या, ती माझ्याकडं होती. तुझ्या कोपराजवळ पडली होती, गरम होती, मी खिशात घातली. का, ते तेव्हाही कळलं नाही. नंतर सांगायची हिंमत झाली नाही, आणि मग इतकी वर्षं गेली की सांगणं हास्यास्पद वाटायला लागलं. तू त्या वर्षी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हतास, तेव्हा मला वाटलं तुला कळलंय. नंतर समजलं, ते बॅटच्या पैशांवरून होतं.

हे झालं जुनं. खरी काळजी वेगळीच आहे.

लेक नववीत गेली. इथं पोरांना बालवाडीपासून शाळेत कवायत असते. आपली नव्हे. कुणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर काय करायचं त्याची. दिवे बंद, दारापासून लांब, भिंतीला टेकून गप्प बसायचं. ही पाच वर्षांची असताना घरी येऊन म्हणाली होती, आज आम्ही उंदीर झालो होतो. मी हसलो होतो. आणि त्याच माणसानं परवा लांबट खोका तळघरात नेला. लोखंडी कपाट, कुलूप, गोळ्या वेगळ्या कुलपात, सगळं नीट. ती जिन्यात उभी होती.

"सेमी-ऑटोमॅटिक आहे?"

मी सुरू केलं, अगं पॉइंट टू टू आहे, लहान असते, एनसीसीत आम्ही, ऑलिंपिकमध्ये आपला स्वप्नील...

"बाबा, हो की नाही?"

हो म्हणालो. स्वप्नीलची दर गोळीला हातानं बोल्ट ओढावा लागतो अशी आहे, हे तिला माहीत होतं. मीच ऑगस्टमध्ये कौतुकानं सांगितलं होतं.

"मग गोळ्या किती आहेत घरात?"

"पाचशेचा डबा होता. शंभरेक मारल्या."

"शंभरेक म्हणजे किती?"

तिचं मराठी तुला माहीत आहे. तिला तो 'एक' खरंच कळला नसेल. पण मला उत्तर देता येईना. शंभर? एकशे वीस? उस्तादांसमोर 'पाचेक राउंड मारले' म्हणून बघितलं असतंस का कधी? ती वर गेली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बायकोचा आक्षेप साडेतीनशे डॉलरचा आहे, त्याला उत्तर आहे. लेकीच्या आक्षेपाला नाही. तिच्या डोळ्यांत ती वस्तू काय आहे ते मला दिसतं. माझ्या डोळ्यांत काय आहे ते तिला कसं दाखवू? ते फक्त तुला दिसेल, आणि तुला मी फसवलेलं.

गेल्या रविवारी घरूनच पन्नास मोजून नेल्या. मारल्या. मग गोळीबार थांबवतात, सगळ्यांनी बंदुका उघड्या ठेवून मागं सरायचं, त्या वेळात मी गुडघ्यावर बसून पुंगळ्या वेचल्या. लोक बघत होते. एकानं विचारलं, काही हरवलं का? बावीसच्या पुंगळ्या परत भरता येत नाहीत, त्या कुणी उचलत नाही.

घरी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, पन्नास मारल्या, मोज. तिनं मोजल्या. बोटानं एकेक सरकवत, दहा-दहाच्या रांगा लावून.

"त्रेपन्न," म्हणाली. "तीन कुणाच्या?"

आणि वर गेली. ही थट्टा होती की काय, तूच सांग. मला कळत नाही. विकून टाकू का ठेवू, तेही सांग. सात फेऱ्या मारल्यास, तुला अधिकार आहे.

तुझं काय? दुकानाचं छप्पर झालं का? वहिनींचा गुडघा, धाकट्याची बारावी, उसाचं बिल, सगळं एकदम कळव. विधानसभेची आचारसंहिता लागली म्हणे, तात्यांची बारा बोअर ठाण्यात जमा झाली असेल. त्यांना माझ्या रायफलीचं सांगू नकोस.

ती जुनी पुंगळी माझ्या पाकिटात आहे. डब्यात टाकणार होतो, पण मग चोपन्न झाल्या असत्या आणि लेकीचा हिशेब चुकला असता.

तुझा,
बाळ्या